दुसरा प्रश्न

‘भारत मानव विकास सर्वेक्षणा’च्या दुसऱ्या फेरीत, २०११-१२ साली, देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना एक सरळ प्रश्न विचारला गेला होता: तुमच्या घरात कुणी शिवाशीव पाळतं का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तरी प्रश्नकर्ता लगेच पुढच्या विषयाकडे वळत नव्हता. त्याच्या हातात दुसरा प्रश्न तयार असे. अनुसूचित जातीचं कुणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडीकुंडी वापरली, तर चालेल का? दोन्ही उत्तरं एकत्र मांडली तेव्हा साधारण २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात शिवाशीव पाळत असल्याचं कबूल केलेलं दिसलं. खेड्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं आणि शहरांत २०. संविधानाच्या १७व्या कलमाने जी गोष्ट १९५० पासून बंद केली आणि १९५५ च्या कायद्याने जी गुन्हा ठरवली, ती दारात आलेल्या अनोळखी माणसासमोर चारातल्या एकाहून अधिक घरांनी मान्य केली. म्हणजे २७ हा आकडा तळाचा धरायचा. खरा आकडा त्याच्या खाली असण्याची शक्यता फार थोडी.

गेल्या वीसेक वर्षांत जात, विषमता आणि रोजचं जगणं यांवर जे संशोधन झालं त्याचा मागोवा घेताना मला हा दुसरा प्रश्नच सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिल्या प्रश्नाने मत कळतं, दुसऱ्याने वागणूक, आणि तीही अगदी चुलीपाशी जाऊन. त्याआधीच्या समाजशास्त्राला जातीचं वावडं होतं असं मुळीच नाही. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी १९३२ मध्ये जातीवर ग्रंथ लिहिला, मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग नावारूपाला आणला. त्यांच्याच मुशीतल्या एम. एन. श्रीनिवासांनी पुढे ‘संस्कृतीकरण’ आणि ‘प्रभुत्वशाली जात’ असे शब्द दिले. ते आज वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतही सर्रास येतात. पण हा अभ्यास बराचसा गावातला होता. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या पंगतीला, कोण कसा वर सरकतो, असे त्याचे प्रश्न. गाव सोडून माणूस गिरणीत, कचेरीत, चाळीत आला की जात हळूहळू विरघळेल, हे गृहीतक त्यामागे कधी उघड, कधी नकळत असायचंच. खरं तर १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे मांडून ठेवलं होतं. लग्न काही गावाच्या वेशीवर थांबत नाही. तो निबंध विद्यापीठीय समाजशास्त्राने गंभीरपणे वाचायला घेतला तो फार उशिरा, ही त्या शास्त्राची नामुष्कीच म्हणायची.

वळण दिसतं ते २००० नंतर. घनश्याम शाह, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे, अमिता बाविस्कर आणि हर्ष मंदर यांचं ११ राज्यांतल्या ५६५ गावांवर आधारलेलं पुस्तक २००६ मध्ये आलं आणि चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या पेल्यापासून शाळेतल्या बसण्याच्या जागेपर्यंत रोजच्या गोष्टी मोजल्या गेल्या. पण खरी कलाटणी पुढच्या वर्षी मिळाली. थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सुमारे सव्वा वर्ष इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती गोळा करून ५४८ जागांसाठी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक फक्त नावाचा. एकावर उच्चवर्णीय हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लीम. जातीचा रकाना अर्जात कुठेच नव्हता. तरी मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. हे खासगी, आधुनिक, शहरी क्षेत्रातलं चित्र. जात जिथे संपायला हवी होती तिथलंच. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे हवापाण्याच्या गप्पांइतका सहज विचारला जातो, आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर पाठोपाठ ‘मूळचे कुठले तुम्ही?’ येतोच.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलणं केलं. या लोकांपैकी कुणी जात पाहतो असं म्हणाला नाही. सगळे गुणवत्तेचे कैवारी. मात्र उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं त्यांना अगत्याचं वाटत होतं: वडील काय करतात, भावंडं किती शिकली, घर कुठलं. घरचं वळण चांगलं असलं की माणूस चांगला, असा हिशेब. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवी घेतली त्याला या प्रश्नावर सांगायला काय असणार? दोन अभ्यास शेजारी ठेवले की नकार कुठून येतो ते उमगतं. द्वेषाची गरज नाही, तुच्छतेच्या शब्दाचीही नाही. ‘आपल्यात बसेल का’ एवढी शंका पुरते.

याला पहिला आक्षेप ठरलेला: हा वर्गाचा प्रश्न आहे, जातीचा नव्हे, गरिबी हटली की हेही हटेल. पण सारखी पदवी लिहिलेल्या अर्जांच्या प्रयोगात गरिबीला जागाच ठेवलेली नव्हती, आणि तिथेही फरक पडला. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. असे प्रयोग निवडीची फक्त पहिली पायरी पकडतात आणि सगळीकडे तोच निकाल देत नाहीत. अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दिल्लीतल्याच प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. हा निकाल झाकून ठेवायचं कारण नाही, उलट तो उपयोगी आहे. ज्या कामात कौशल्य कागदावर दाखवता येतं तिथे नाव मागे पडतं. जिथे बोलणं, ढब, ‘प्रेझेंटेबल’ असणं तोलायचं असतं तिथे नाव पुढे येतं. भेदभाव सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. ठरवणाऱ्याच्या मर्जीला जिथे मोकळीक आहे तिथे तो साचतो.

आणि मर्जीला सर्वांत मोकळीक आहे ती घराच्या बाबतीत. त्रिना वितयतिल आणि गायत्री सिंग यांनी २०१२ मध्ये २००१ च्या जनगणनेवरून सात महानगरांचे वॉर्ड तपासले, तेव्हा वस्त्यांची विभागणी आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार अधिक असल्याचं दिसलं. मुंबई त्या सातांत आहे. २०१५ मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा तोच नावांचा प्रयोग मांडला; दलित आणि मुस्लीम नावांना कुठे थेट नकार, कुठे जास्त भाडं, कुठे वाढीव अटी. कायदाही इथे निव्वळ बघ्या नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. लहान, घटत्या समाजाने एकत्र राहावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, पण ती मुभा संख्येने आणि पैशाने मोठ्या असलेल्यांच्या हाती पडली की तिचा अर्थ पालटतो. ‘फक्त शाकाहारी’ ही पाटी आहाराची असते, तशी ती दाराची कडीही असते.

मात्र याच संशोधनातला एक अभ्यास जातीच्या सरळसोट निषेधाला अडचणीत आणतो, आणि तो आपल्या दादरचा आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांतल्या १९८२ ते २००१ या वीस वर्षांतल्या प्रवेशांचा आणि मराठी कुटुंबांचा अभ्यास केला. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा भाव वधारला, तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. गिरणी, गोदी, कारखाना इथे नोकरीला चिकटवून देणारे जातभाई होते. मुलग्याची वाट आधीच आखलेली. मुलींना मात्र त्या जाळ्याने कधी काही दिलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर त्याचा भारही नव्हता. त्या इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि वरच्या जातींच्या मुलींच्या जवळ पोचल्या. आधार देणारीच गोष्ट वाट अडवते, आणि जिला वगळलं तीच पुढे निघते. ‘जात म्हणजे नुसता अन्याय’ आणि ‘जात म्हणजे आपली माणसं’ ही दोन्ही वाक्यं या निष्कर्षापुढे तोकडी पडतात.

लग्नाबाबतचं संशोधन सगळ्यात शांत आहे आणि मला तेच सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. बॅनर्जी, एस्थर डफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफॉर्च्यून यांनी कोलकात्यातल्या एका बंगाली दैनिकात विवाहविषयक जाहिरात देणाऱ्या ७८३ जणांकडे आलेली पत्रं तपासली. स्वजातीच्या स्थळासाठी लोक अशिक्षित आणि एम.ए. झालेला यांच्यातल्या अंतराएवढी किंमत मोजायला तयार होते. खरी मेख पुढे आहे: ती किंमत प्रत्यक्षात फारशी कुणाला मोजावी लागतच नाही, कारण प्रत्येक जातीत सर्व प्रकारची स्थळं मिळतात. मग शिक्षण आणि सुबत्ता वाढून ही आवड आपोआप कशी झिजेल? मराठी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर ‘जातिबंधन नाही’ आणि त्याच ओळीत ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’ असं छापलेलं वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. त्या ‘क्षमस्व’मधला शिष्टाचार पाहावा.

या सगळ्याला शब्दांची चौकट दिली ती सतीश देशपांडे यांनी. ‘ओपन’ किंवा जनरल गटातला माणूस स्वतःला जात नसलेला समजतो, कारण त्याच्या जातीचं भांडवल शिक्षण, मालमत्ता आणि पदवी यांत केव्हाच वटवलेलं असतं. जात उरते ती आरक्षण मागणाऱ्यांना, असं त्यांचं २०१३ चं प्रतिपादन. २०१९ मध्ये अजंता सुब्रमणियन यांनी मद्रास आयआयटीच्या इतिहासातून तेच ‘गुणवत्ता’ या शब्दाबद्दल दाखवलं. अर्थात अभ्यासकांच्या स्वतःच्या घरातही दुसरा प्रश्न विचारला गेला आहे. सिद्धान्त मांडणारे एक आणि माहिती गोळा करणारे दुसरे, ही विद्यापीठातली उतरंड गोपाळ गुरूंनी २००२ मध्येच उघडी पाडली. पुण्यात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं समाजशास्त्राचं साधन म्हणून वाचायला लावली, आणि शैलजा पाईक यांनी दलित मुलींच्या शाळेचा आणि तमाशाचा इतिहास लिहिला. ही नावं आठवली नाहीत तर हा मागोवा म्हणजे दिल्लीचा आणि इंग्रजीचा मागोवा ठरेल.

शेवटचा आक्षेप नेहमी कानावर येतो: इतकं मोजलं, इतकं विचारलं, म्हणूनच जात जिवंत राहते. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावं पाट्यांवरून जाणं योग्यच आहे. पण पाटी बदलून वस्तीची जागा बदलत नाही, आणि न विचारल्याने जात मरत असती तर तुरुंगात ती केव्हाच मेली असती. तिथे कुणी सर्वेक्षण करत नव्हतं, तरी कैद्यांना झाडू की स्वयंपाक हे जातीवरून ठरवणारे नियम काही राज्यांच्या नियमावलीत टिकून होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते शोधून लिहिलं, याचिका केली, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने येत्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर जनगणनेतून सर्व जातींचे आकडे हाती आलेले नाहीत; स्वतंत्र भारतात तिथे अनुसूचित जाती-जमातींपलीकडे कुणाला जात विचारलीच गेली नाही. आता प्रगणक ‘ओपन’वाल्याच्याही दारात उभा राहून तो रकाना भरून घेईल, आणि जात फक्त दुसऱ्याला असते असं मानणाऱ्या घरांना स्वतःची जात सांगावी लागेल. स्वयंपाकघराबद्दल तो काही विचारणार नाही.