दीर्घिकांच्या जोड्या मोजताना

कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे संख्याशास्त्रज्ञ. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. कोल्हापुरातच 1938 साली जन्मलेले त्यांचे भाचे जयंत नारळीकर आकाशाकडे वळले, आणि तिथेही त्यांची पहिली मोठी गाठ पडली ती मोजणीशीच.

1961 साली केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांची गणती मांडली. मंद स्रोत फार भरतात, तेव्हा विश्व सदासर्वकाळ एकसारखंच असतं हा फ्रेड हॉइल यांचा सिद्धांत चुकीचा, असं त्यांचं म्हणणं. उत्तर द्यायला हॉइल यांनी बावीस वर्षांच्या नारळीकरांना पुढे केलं. स्रोत सुमारे 16 कोटी प्रकाशवर्षांच्या पुंजक्यांत विखुरलेले असतील आणि आपण विरळ भागात असू, तरी गणती अशीच येईल, हा त्यांचा युक्तिवाद. राइल यांचा मूळ मुद्दा पुढे टिकला. पण दीर्घिकांचे एवढे प्रचंड पुंजके खरोखरच असतात, हेही सिद्ध झालं. त्या वादातली ही कमाई मला फार मोलाची वाटते.

पुंजका आहे हे ठरवायचं कसं? नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. कागदावर कसेही ठिपके टाकले तरी त्यात घोळके दिसतात. म्हणून दीर्घिकांच्या जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतलं अंतर काढतात. मग संगणकाकडून तेवढ्याच आकाशात वाटेल तसे बिंदू टाकून घेतात आणि त्यांच्याही जोड्या मोजून दोन्ही याद्या ताडून पाहतात: खऱ्या जोड्या जास्त भरल्या, तर तो घोळका नुसता योगायोग नाही. खरी खुबी या दुसऱ्या यादीत आहे. तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटाने आकाशाचा एखादा तुकडा दुर्बिणीला दिसला नसेल, तर इथेही तिथे भोक ठेवायचं. दूरच्या मंद दीर्घिका निसटल्या असतील, तर तिथले बिंदू त्याच प्रमाणात विरळ करायचे. नाहीतर दुर्बिणीची उणीव विश्वाच्या नावावर चढते.

जेम्स पीबल्स यांनी 1970च्या दशकात हे तंत्र रुजवलं. एका दीर्घिकेपासून सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी सापडण्याची शक्यता योगायोगाच्या दुप्पट असते. अंतर वाढतं तशी ही जादा गर्दी ओसरते. पण 50 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास जोड्या पुन्हा किंचित वाढतात. आद्य विश्वातल्या ध्वनिलहरींची ही खूण 2005 मध्ये सापडली.

जोड्या सरासरी सांगतात, आकार सांगत नाहीत. दीर्घिकांचे धागे, भिंती आणि मधल्या पोकळ्या त्यातून उमटत नाहीत. नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलसंस्थेतले वरुण साहनी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये त्यावर वाट काढली: पुंजक्याचं घनफळ, पृष्ठफळ आणि वक्रता यांवरून त्याची जाडी, रुंदी आणि लांबी काढायची. तिन्ही जवळपास सारख्या आल्या तर तो गोळा, जाडी फार कमी भरली तर भिंत, आणि लांबी बाकी दोघींना मागे टाकून गेली तर धागा.