तीन लाख वीस हजारांची पायरी

टीव्हीवरच्या खेळांबद्दल लिहायला घेतलं की संपादक हमखास सुचवतात, 'जरा बिग बॉसचंही येऊ द्या.' येऊ देणार नाही. तो खेळ नव्हे, शंभर दिवसांचं भाडोत्री भांडण आहे. गाण्याच्या स्पर्धांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तो प्रांत त्यांचा. मला बोलायचं आहे ते वर्षानुवर्षं चाललेल्या साध्या खेळांबद्दल. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं किंवा सांगितलेलं करून दाखवायचं आणि शेवटी काहीतरी हातात घेऊन घरी जायचं. हे 'काहीतरी' काय आहे त्यावरून कार्यक्रमाची तब्येत कळते, हे माझं जुनं तुणतुणं. बक्षीस फुगायला लागलं की खुशाल समजावं, चालवणाऱ्यांचा खेळावरचा विश्वास उडाला आहे.

आमच्या काही समीक्षक मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते हे कार्यक्रम बिघडले ते रडकथांमुळे. स्पर्धकाच्या गरिबीची चित्रफीत दाखवायला लागले आणि ज्ञान मागे पडलं. दर परिसंवादात हे ऐकतो. त्यावर पुढे येईनच.

दूरदर्शनचा काळ भरभर उरकतो, कारण त्यावर गहिवरून लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला. पुढे १९९२ पासून झीवर डेरेक ओब्रायन शाळकरी मुलांना घाम फोडू लागले. १९९३ मध्ये 'अंताक्षरी' सुरू झाली. अन्नू कपूर, त्यांच्या शेजारी कधी रेणुका शहाणे तर कधी पल्लवी जोशी, आणि समोर दीवाने, परवाने, मस्ताने. यातल्या विजेत्यांना काय मिळालं हे आज कुणाला आठवत असेल तर त्याने मला पत्र टाकावं. मला दीवाने-परवाने आठवतात, बक्षीस आठवत नाही.

विलायतेतही हेच. बीबीसीचं 'मास्टरमाइंड' १९७२ पासूनचं. काळी खुर्ची, तोंडावर प्रकाशाचा झोत आणि प्रश्नांचा मारा. त्याचा जनक बिल राइट महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता आणि तिथल्या उलटतपासणीवरून त्याला ही कल्पना सुचली. एवढं सोसून शेवटी जिंकणाऱ्याला मिळतं काय, तर काचेचं भांडं. तिथल्याच 'काउंटडाउन'ची तऱ्हा आणखी निराळी. नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द जुळवायचा, आकड्यांची गणितं सोडवायची. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झालं ते याच कार्यक्रमाने, आणि त्याचं नावाजलेलं बक्षीस आहे चहाची किटली. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!'ने २००१ मध्ये सगळ्या प्रश्नांची किंमत दुप्पट केली आणि तरी तो टिकला, हे मला मान्य आहे. पण तिथे उत्तर आधी देऊन प्रश्न मागण्याची रीत त्यांनी सोडली नाही.

आता 'कौन बनेगा करोड़पति'. ३ जुलै २०००, रात्री नऊ, स्टार प्लस. मूळ इंग्रजी कार्यक्रम त्याआधी दोनच वर्षं सुरू झालेला. अमिताभच्या आवाजाबद्दल, त्याच्या पडत्या काळाबद्दल सगळं लिहून झालंय. मला त्या खेळाची शिडी आवडायची. पंधरा प्रश्न, पहिला हजाराचा, पाचवा दहा हजारांचा, दहावा तीन लाख वीस हजारांचा, पंधरावा कोटीचा. पाचवी आणि दहावी पायरी पक्की, तिथून खाली घसरण नाही. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने कोटी जिंकले. शेवटचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना यांपैकी कुणाला मुभा देते? महान्यायवादीला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला प्रश्न! तो कोटीच्या पायरीवर ठेवायला धाडस लागतं.

यश पाहून झीला राहवलं नाही. त्याच वर्षी 'सवाल दस करोड का' आला, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांना घेऊन. बक्षीस दहापट. काही महिन्यांत गाशा गुंडाळला. माझ्या तुणतुण्याला एवढा स्वच्छ पुरावा पुन्हा मिळाला नाही. तरी धडा कुणी घेतला? २००५ मध्ये अमिताभचेच दोन कोटी झाले. मधे २००७ चा शाहरुखचा मोसम. त्याबद्दल एवढंच, की तो स्पर्धकांना मिठ्या छान मारायचा. २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला, आकडा पाच कोटींवर आणि २०१३ मध्ये सात कोटींवर. मोतिहारीच्या सुशील कुमारने २०११ मध्ये पाच कोटी जिंकले. जिंकल्यानंतरचा काळच आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता, असं पुढे त्यानेच लिहून प्रसिद्ध केलं.

कळस चढत गेला. मधली पायरी? २००० मध्ये दहाव्या प्रश्नाला तीन लाख वीस हजार होते, २०१९ मध्येही दहाव्या प्रश्नाला तीन लाख वीस हजारच. २००० साली त्या रकमेत नवी कोरी मारुती ८०० दारात उभी राहत होती. आज मुलाच्या खासगी कॉलेजचं एखादं वर्ष निभावतं. शिवाय अशा बक्षिसावर सरसकट तीस टक्के कर, वर उपकर. म्हणजे हातात सव्वादोन लाखसुद्धा पडत नाहीत. आणि बरेचसे स्पर्धक उठायचे ते याच पायरीच्या आसपास. सात कोटींचा आकडा जाहिरातीसाठी, घरी न्यायला हे. कार्यक्रमाबद्दल एवढं लिहिलं गेलं, या गोठलेल्या पायरीबद्दल कुणी अक्षर काढलेलं माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. स्टारवर असताना घड्याळ नव्हतं. माणूस विचार करत बसायचा, केसांतून हात फिरवायचा, चार पर्याय मोठ्याने बोलून बघायचा, आणि घरी बसलेलेही त्याच्याबरोबर अडकायचे. प्रश्नोत्तरांच्या खेळातलं खरं नाट्य तिथे होतं. सोनीने सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लावलं, त्याला टिकटिकी, धुकधुकी अशी लाडाची नावं दिली आणि विचार करणारा चेहरा दिसायचा बंद झाला. दहावा प्रश्न ओलांडला की घड्याळ जातं खरं, पण तिथवर पोचतात किती?

लाइफलाइनचा इतिहास मात्र मजेदार आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. २००० साली 'फोन अ फ्रेंड'साठी तीस सेकंद मिळायचे. पलीकडे कुणाचे तरी मेहुणे लँडलाइनजवळ इयरबुक उघडून बसलेले असत आणि पान सापडेपर्यंत वेळ संपायचा. पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि मेहुण्यांना पान शोधायची गरज उरली नाही. याच खेळाच्या अमेरिकी अवताराने २०१० मध्ये याच कारणाने ही सोय काढून टाकली. आपल्याकडे २०१७ मध्ये व्हिडिओ कॉल आला. निदान मेहुण्यांचे डोळे कुठे फिरतात ते दिसू लागलं. मधे पॉवर पपलू, त्रिगुणी, जोडीदार वगैरे येऊन गेले, त्यांचं नाव घेतलं एवढं पुरे. २०२० मध्ये करोनामुळे प्रेक्षकच नव्हते, म्हणून त्यांचा कौलही गेला. तो परत आला तेव्हा मला बरं वाटलं. त्या गर्दीला सोपं बरोबर येतं आणि अवघड बहुधा चुकतं, अगदी आपल्यासारखं.

आता रडकथांचं. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे समोर बसल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला पंधराशे रुपये. कोटी जिंकल्या. काय घेणार विचारलं तर म्हणाल्या मोबाइल, घरात सगळ्यांत मिळून एकच आहे. आमचे मित्र म्हणतात, गरिबी विकली. मी म्हणतो, पंधरा प्रश्नांची उत्तरं त्या बाईंनी दिली की चित्रफितीने? खिचडीच्या चुलीपासून तिथवर ही बाई वाचत कशी आली, हे कळल्याशिवाय तिच्या उत्तराची किंमत कळत नाही. २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला कोट्यधीश झाल्या, शिक्षण बारावीपर्यंत. त्यांचीही गोष्ट हवीच होती. कात्री लावायची असेल तर चित्रपटाच्या प्रचाराला आलेल्या नटमंडळींच्या भागांना लावा. त्यांना उत्तर येईपर्यंत सूचना मिळत राहतात आणि टाळ्याही.

मराठी अवतार २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर आला, सचिन खेडेकरांना घेऊन. मग २०१६ मध्ये कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी, २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे, २०२१ पासून पुन्हा खेडेकर. खेडेकर नेटके, सभ्य. मला मंजुळे जास्त आवडले, कारण ते समोरच्याशी जेऊर-करमाळ्याच्या पारावर बसल्यासारखं बोलायचे आणि अमिताभची नक्कल करायच्या भानगडीत पडले नाहीत. प्रश्न मात्र कधी कधी हिंदीतून उतरवल्यासारखे वाटायचे.

पण या सगळ्याहून माझं प्रेम ज्या कार्यक्रमावर, तो म्हणजे 'होम मिनिस्टर'. हे वाक्य वाचून ज्यांच्या भुवया वर जातील त्यांना मी ओळखतो. एका दैनिकात टीव्हीचं सदर लिहायचो तेव्हा या कार्यक्रमावरचा माझा लेख 'हा काय विषय झाला?' म्हणून परत आला होता. १३ सप्टेंबर २००४ ला अल्फा मराठीवर सुरू झालेला हा खेळ अठरा वर्षं चालला. आदेश बांदेकर संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाणार, बायका त्यांना भावोजी म्हणणार, ते त्यांना वहिनी म्हणणार. दोन वहिन्या खेळणार, जिंकेल तिला पैठणी. विचारवंतांनी नाकं मुरडली. बाईला चूल आणि साडीतच अडकवता, म्हणाले. त्यांनी बहुधा एखाददुसरा भाग पाहिला असावा.

डोंबिवलीत एका ओळखीच्या सोसायटीत चित्रीकरण होतं, मुद्दाम गेलो. दिवाणखाना दहा बाय बारा. सोफा आतल्या खोलीत उभा करून ठेवलेला, दिव्याचा स्टँड स्वयंपाकघराच्या दारात, जिन्यावर शेजारची पोरं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावतायत. सासूबाई खुर्चीत, हातात रुमाल. बघायच्या कार्यक्रमात बायको कोणती साडी नेसली होती, असं नवऱ्याला विचारलं. तो छताकडे बघू लागला. सासूबाई म्हणाल्या, 'मोरपंखी. आणि पदर सारखा सरकत होता, घाबरली होती.' सगळे हसले. वहिनी हसली नाही, वळून सासूकडे बघत राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि आपल्याकडे तेव्हा कुणी एवढं निरखून पाहिलं होतं, हे तिला बहुतेक आत्ताच कळत होतं. मग फुगे फुगवायचा खेळ झाला. ही हरली, शेजारीण जिंकली. खेळ म्हणून त्यात काही दम नव्हता, हे मी कबूलच करतो. नसायलाच हवा होता. फुगे होते म्हणून ही माणसं बोलायला बसली.

आणि अठरा वर्षांत ते बोलणं बदलत गेलं. सुरुवातीला उखाणा, आवडती भाजी, लग्नाची आठवण. नवऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, सासऱ्यांसमोर पदर सावरायचा. पुढे पुढे वहिन्या नोकरीचं सांगू लागल्या, डब्याच्या धंद्याचं, घराच्या हप्त्यांचं, अर्धवट राहिलेल्या पदवीचं. उखाण्यात ईएमआय आला. हे कुणी ठरवून घडवलेलं नव्हतं. एकच साधा सवाल तुम्ही रोज नव्या घरात विचारलात की उत्तरांमधून काळ आपोआप सरकतो. गेल्या वीस वर्षांतल्या मराठी मध्यमवर्गीय घराचा अभ्यास करायचा असेल त्याने हे भाग ओळीने लावून पाहावेत. पडदे बदलतात, शोकेस जाते, टीव्ही भिंतीवर चढतो, सासूबाई गाउनमध्ये कॅमेऱ्यासमोर यायला लाजत नाहीत. टाळेबंदीत तर भावोजी व्हिडिओ कॉलवरून घरात आले, आणि एरवी कोपऱ्यात उभे राहणारे नवरे फोन धरायच्या कामाला लागले.

बक्षीस मात्र तेच. पैठणी. जिंकलेली बाई ती पुढच्या लग्नात नेसणार, विचारलं तर सांगणार कुठून मिळाली. कोटीच्या धनादेशाला हे जमत नाही.

मग २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' आलं आणि पैठणी अकरा लाखांची झाली. घर सुटलं, मंच आला, मैदानावर शेकडो वहिन्या आल्या. अकरा लाखांची पैठणी नेसून कुठे जाणार? ती लॉकरमध्ये जाणार. त्याच वर्षी सप्टेंबरात कार्यक्रम थांबला. यात मला कार्यकारणभाव दिसतो. वाहिनीला विचाराल तर ती वेळापत्रक, टीआरपी, नव्या मालिका असं काहीतरी सांगेल.

टीव्हीवरून गेलेला खेळ गल्लीत मात्र जोरात आहे. नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, नगरसेवकाचा वाढदिवस, काहीही निमित्त चालतं. 'खेळ पैठणीचा' असा फ्लेक्स लागतोच. तिथेही रोग पोचला आहे. परवाच एका फ्लेक्सवर पहिलं बक्षीस स्कूटी होतं, दुसरं फ्रिज, आणि पैठणी तिसऱ्या नंबरला. निवडणूक जवळ आली की ही यादी आणखी लांबते.

तरीही मी अशा मंडपांत जाऊन बसतो, कारण तिथले निवेदक. अंगात चकचकीत जॅकेट, हातात खरखरणारा माइक, समोर पाचशे बायका आणि पाठीमागे भाषणासाठी ताटकळलेले साहेब. एवढ्यात जो पोरगा एका लाजऱ्या बाईला बोलतं करतो आणि साहेबांना आणखी दहा मिनिटं खुर्चीतच बसवून ठेवतो, त्याला निवेदन येतं. वाहिन्यांना पुढचा भावोजी हवा असेल तर अंधेरीत ऑडिशनच्या खुर्च्या टाकण्यापेक्षा त्यांनी नवरात्रात कल्याण, इचलकरंजी, बार्शीचे चार मंडप फिरावेत. आणि या वेळी भावोजीच कशाला? गेल्या वर्षी बदलापुरात एका मंडपात माइक एका बाईच्या हातात होता, आणि तिने नवऱ्यांना मंचावर बोलावून फुगे फुगवायला लावले.