पोटरीचे दुखणे आणि पायाची नाडी

पायाची धमनी अरुंद झाल्याची पहिली तक्रार बहुधा पोटरी करते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, काही मिनिटे उभे राहिले की दुखणे ओसरते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परत येते. मणक्यात नस दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात; पण तेव्हा नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. म्हणून ‘थांबल्यावर काय होते?’ हा प्रश्न तपासणीत सर्वांत मोलाचा.

या दुखण्याचा उलगडा आधी घोड्यात झाला. फ्रेंच पशुवैद्य बुले यांनी १८३१ मध्ये थोडे धावताच लंगडणाऱ्या आणि विश्रांतीनंतर ठीक होणाऱ्या घोडीचे वर्णन केले. तिच्या मागच्या पायांच्या धमन्या बंद झालेल्या आढळल्या. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये हेच माणसात दाखवले. शार्को अजरामर झाले. बुले यांचे नाव आज क्वचितच निघते, आणि हा मोठाच अन्याय आहे.

तपासताना दोन्ही पावलांचा गारवा ताडून पाहतात, बोटांच्या बेचक्यांत जखम शोधतात. मग जांघ, गुडघ्यामागची खळगी, आतला घोटा आणि पावलाची वरची बाजू अशा चार ठिकाणी नाडी चाचपतात. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. घोट्यामागची लागली नाही, तर मात्र संशय बळावतो. पाय उंच धरल्यावर तळवा पांढरा पडणे आणि खाली सोडल्यावर तांबडालाल होणे, ही आजार बराच पुढे गेल्याची खूण.

पुढची पायरी म्हणजे रक्तदाबाचा पट्टा आणि हातात मावणारे, रक्तप्रवाह ऐकवणारे डॉप्लर यंत्र. घोट्याजवळच्या वरच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर धमनीत अडथळा आहे असे धरतात. अशा रुग्णांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो. इतकी स्वस्त, न टोचणारी तपासणी मागे राहते आणि महागड्या स्कॅनची चर्चा होते, हे खेदाचे आहे. स्कॅनची खरी गरज शस्त्रक्रिया किंवा फुगा-स्टेंट ठरवताना लागते.

मधुमेहात मात्र हा आकडा फसवतो. कॅल्शियम साचलेली धमनी लोखंडी नळीसारखी पट्ट्याने चेपतच नाही आणि उत्तर १.४ च्याही वर जाते. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात. शिवाय संवेदना बोथट झाल्याने अशा रुग्णाला पोटरीचे दुखणे जाणवेलच असे नाही. पहिली खूण थेट न भरणारी जखम असू शकते.

रात्री पाऊल ठणकणे आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावर बरे वाटणे, हे पाय धोक्यात आल्याचे लक्षण. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला आणि नाडी हरवली, तर तपासण्यांची रांग लावायला वेळ नसतो. काही तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही, तर पाय गमावावा लागतो.