सात सीटची गाडी घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

बेळगाव : तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि घराघरांत एक जुना विषय पुन्हा निघतो. दोन गाड्या काढण्यापेक्षा एकच मोठी घेऊया. आमच्या घरीही तेच झालं. दादा म्हणाला, "सात सीटची घेतली की सगळी एकत्र जाऊया." महिनाभर आम्ही शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या. स्क्रीन बघितली, सनरूफ उघडून बघितलं, मायलेज विचारलं. आईनं मात्र एकच विचारलं, "मागं कोण बसणार?"

मागं बसणार होती पोरं. आणि मागं त्यांना काय मिळतंय, हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही सगळा हिशेब नव्यानं मांडला. तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

बाजारात काय आहे

आपल्याकडे घरगुती वापरासाठी साधारण तीन थर आहेत. पहिला रेनॉ ट्रायबरचा. चार मीटरच्या आतली, 999 सीसीची, तीन सिलिंडरची गाडी. मधला थर मारुती अर्टिगा, टोयोटा रुमियन आणि किया कॅरेन्सचा. वरचा थर इनोव्हाचा. त्यात डिझेलवरची जुन्या बांधणीची क्रिस्टा आणि हायब्रिड मिळणारी हायक्रॉस अशा दोन वेगळ्या गाड्या आहेत.

रुमियन म्हणजे मुळात अर्टिगाच. ती मारुती बनवते आणि टोयोटा विकते. त्यामुळे या दोघींत गाडी कुठली चांगली यावर वाद घालू नये. लवकर कुठली मिळते, सवलत कुठे आहे आणि सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, एवढंच बघावं.

स्टार कशाचे, हे विचारा

सेल्समन "फोर स्टार", "फाइव्ह स्टार" सांगतो. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. चाचणी कुणी घेतली? कुठल्या वर्षी? आणि कुठल्या महिन्यात बनलेल्या गाडीची?

कारण असं. ग्लोबल एनकॅपने 2022 च्या मध्यापासून नियम कडक केले. आधी मुख्य भर ताशी 64 किमी वेगाने समोरून होणाऱ्या धडकेवर होता. आता बाजूची धडक, खांबाची धडक आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणाही धरली जाते. म्हणजे जुन्या नियमांतले चार स्टार आणि नव्या नियमांतले चार स्टार एक नव्हेत.

उदाहरणं बघा. ट्रायबरला 2021 मध्ये जुन्या नियमांत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 4 स्टार मिळाले. अर्टिगाला 2019 मध्ये 3 मिळाले होते, पण 2024 मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठीच्या, दोन एअरबॅग असलेल्या अर्टिगाला नव्या नियमांत 1 स्टार मिळाला आणि गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. कॅरेन्सची 2024 मध्ये दोनदा चाचणी झाली. आधी बनलेल्या गाडीला मोठ्यांसाठी शून्य, तर सुधारणेनंतरच्या गाडीला 3. नाव एकच, फरक बनवलेल्या तारखेचा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. तीत 2025 मध्ये हायक्रॉसला 5 स्टार मिळाले. ही चाचणी कंपन्यांना सक्तीची नाही, त्यामुळे स्टार नसणं म्हणजे गाडी वाईट असंही नाही आणि चांगली असंही नाही.

2025 च्या जुलैपासून अर्टिगात आणि नव्या ट्रायबरमध्ये सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग येऊ लागल्या. चांगली गोष्ट. पण एअरबॅगने सांगाडा मजबूत होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. या चाचण्यांत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि लहान मुलांचे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत पुतळा बसवत नाहीत. मागून ट्रकने धडक दिली तर काय होईल, हेही या स्टारमध्ये नाही. म्हणजे जाहिरातीतले स्टार शेवटच्या रांगेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

म्हणून स्वतः मागं जाऊन बसा. डोकं मागच्या काचेपासून किती लांब राहतं ते बघा. प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, डोक्याला आधार आहे का, बाजूच्या पडदा एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे विचारा. सहा एअरबॅग म्हणजे सातही जणांना एअरबॅग, असा अर्थ होत नाही.

आणि पट्टा लावा, मागंही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी होती. आपण तर सात सीटमध्ये नऊ जण कोंबून जोतिबाला जातो. पट्टे सातच असतात.

भरवसा घाटात कळतो

टेस्ट ड्राइव्ह आपण दोघं-तिघं मिळून सपाट रस्त्यावर घेतो. गाडी खरी वापरणार ती सात माणसं, बॅगा आणि एसी घेऊन चोर्ला किंवा आंबोली घाटात. ट्रायबरचं इंजिन सुमारे 72 हॉर्सपॉवरचं, अर्टिगाचं 103 च्या आसपास, कॅरेन्स डिझेलचं 116. शहरात चार माणसं आणि कधीतरी सात, अशा घराला ट्रायबर पुरते. दर महिन्याला भरल्या गाडीनं गोव्याला जाणाऱ्यानं वरच्या थराचा विचार करावा.

सामानाचंही तसंच. तिन्ही रांगा उघडल्यावर ट्रायबरच्या डिकीत 84 लिटर जागा उरते, अर्टिगात 209 आणि कॅरेन्समध्ये 216. सीएनजी घेतली तर टाकी तिथेच येते. मग बॅगा कॅरिअरवर जातात.

साधं पेट्रोल इंजिन असेल तर मिस्त्रीकडचा खर्च कमी, हा जुना अनुभव खरा आहे. टर्बो आणि ऑटोमॅटिक गाड्या चालवायला मजा येते, पण वॉरंटी संपल्यावर बिल मोठं येऊ शकतं. डिझेलवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसतं टिळकवाडी ते मार्केट अशा छोट्या फेऱ्या मारल्या तर तो तुंबतो. तो साफ राहायला मधूनमधून हायवेवर गाडी पळवावी लागते.

सीमेवरचा हिशेब

ट्रायबर सहा लाखांच्या आतबाहेर सुरू होते, अर्टिगा नऊच्या आसपास, कॅरेन्स अकराच्या आसपास, इनोव्हा अठरा-एकोणीसपासून पुढे. या एक्स-शोरूम किमती झाल्या आणि त्या बदलत राहतात.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के, मोठ्यांना 40 टक्के. त्यामुळे ट्रायबर आणि अर्टिगा यांच्या किमतीतल्या फरकात कराचाही मोठा वाटा आहे.

मग रोड टॅक्स. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला 14 टक्के, 10 ते 20 लाखांना 17 आणि त्यावर 18 टक्के, शिवाय वर सेस. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 पर्यंत 12 आणि त्यापुढे 13. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीवर बेळगावात सेस सोडून 2 लाख 4 हजार, कोल्हापुरात 1 लाख 44 हजार. फरक 60 हजारांचा.

इथेच मोह होतो. पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-09 नंबर घेऊया. पण कायद्यानं गाडीची नोंदणी जिथं आपण राहतो आणि गाडी ठेवतो तिथंच करायची असते. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे एनओसी, इथला टॅक्स आणि तिथल्या परताव्यासाठी हेलपाटे. साठ हजार त्यातच जातात. केंद्र-राज्य सरकारी नोकरीत किंवा चार राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीत असाल तर बीएच नंबर मिळू शकतो, तो सरळ मार्ग आहे.

दहा लाखांची रेषाही बघा. 9.9 लाखांच्या गाडीला टॅक्स 1 लाख 38 हजार 600. 10.1 लाखांच्या गाडीला 1 लाख 71 हजार 700. म्हणजे वीस हजारांचं जादा मॉडेल पन्नास हजारांपेक्षा महाग पडतं.

सीएनजीचं गणित फिरण्यावर आहे. समजा पेट्रोल 100 रुपये लिटर आणि अ‍ॅव्हरेज 15, सीएनजी 90 रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज 22. वर्षाला 15 हजार किमी फिरलात तर साधारण 38 हजार वाचतात, 6 हजारच फिरलात तर साडेपंधरा हजार. सीएनजीसाठी जादा मोजलेले लाखभर रुपये पहिल्याला अडीच-पावणेतीन वर्षांत सुटतात, दुसऱ्याला जवळपास साडेसहा वर्षं लागतात.

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन आधी हातात ठेवा, मग बोला.

आमचं काय ठरलं? सनरूफवालं वरचं मॉडेल सोडलं. आईला मधल्या रांगेत आधाराशिवाय चढता येतं आणि पोरांच्या सीटला पूर्ण पट्टा व डोक्याला आधार आहे, अशी गाडी बुक केली. दादाला रंग आवडला नाही. आई म्हणाली, "आत बसल्यावर रंग कुठं दिसतोय?"