वारान्त आडनावे : उगम, अर्थ आणि प्रसार
(चामोर्शी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात महाविद्यालयाचे हजेरीपत्रक हा भाषिक इतिहासाचा एक दस्तऐवजच ठरतो. आत्राम, मडावी, कुमरे ही गोंडी कुळांची नावे, 'कर' या प्रत्ययाने संपणारी मराठी ग्रामनामे आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन चामोर्शी-मुलचेरा भागात वसलेल्या बंगाली कुटुंबांची मंडल, बिश्वास ही नावे त्यात शेजारी-शेजारी असतात. त्यांच्याच जोडीला कोत्तपल्लीवार, मद्दीवार, बोम्मावार, चिंतावार अशी आडनावे आढळतात. यांतील एकेक आडनाव सुटे घेतले तर ते विरळ आहे. उर्वरित महाराष्ट्रात ते क्वचितच ऐकू येते. 'वार' हा त्यांचा शेवट मात्र गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील मोठ्या पट्ट्यात परिचित आहे. ही आडनावे कोणत्या भाषेतून आली, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्यांवरून कोणते निष्कर्ष काढता येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'वार' या शेवटाचा उगम

मराठी वाचकाला 'वार' म्हटले की सोमवार, क्रमवार किंवा शस्त्राचा वार आठवतो. या आडनावांतील 'वार'चा त्यांपैकी कशाशीही संबंध नाही. तो तेलुगूतील 'वारु' या शब्दाचा मराठीत रुळलेला अवशेष होय. 'वारु' म्हणजे 'ती मंडळी' किंवा आदरार्थी 'ते'. तेलुगू समाजात प्रत्येक कुटुंबाला 'इंटिपेरु' असते. 'इल्लु' म्हणजे घर, त्याचे षष्ठ्यन्त रूप 'इंटि' आणि 'पेरु' म्हणजे नाव, असा हा शब्द सिद्ध होतो. मराठीत त्यास 'घरनाव' म्हणता येईल. एखाद्या घराण्याचा आदराने उल्लेख करताना घरनावापुढे 'वारु' लावतात. मराठीत 'देशमुख मंडळी' म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

तेलुगू पद्धतीत घरनाव आरंभी येते. माजी पंतप्रधान पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांच्या नावातील 'पामुलपर्ती' हे घरनाव होय. ते १९८४ आणि १९८९ मध्ये विदर्भातील रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांचे घराणे काही पिढ्यांपूर्वी विदर्भात स्थायिक झाले असते, तर त्याचे आडनाव बहुधा 'पामुलपर्तीवार' असे झाले असते. मराठी प्रदेशात आडनाव शेवटी येते. त्यामुळे घरनाव आरंभीचे स्थान सोडून शेवटी गेले आणि लोकांच्या तोंडी असलेले 'वारु' त्याला कायमचे जोडले गेले. शब्दान्तीचा ऱ्हस्व 'उ' मराठी उच्चारात टिकला नाही व 'वारु'चे 'वार' झाले. म्हणजे मूळचा आदरदर्शक शब्द आडनावाचा प्रत्यय बनला.

हा प्रकार केवळ तेलुगू सीमेवरच घडलेला नाही. कन्नडमध्ये 'अवरु' हे याच अर्थाचे आदरार्थी सर्वनाम आहे. बेळगाव-धारवाड भागातील 'ण्णवर' असा शेवट असलेली आडनावे त्यापासून बनली आहेत. एकाच द्राविड कुळातील दोन भाषांनी मराठीच्या दोन सीमांवर समान खूण उमटवलेली दिसते.

पूर्वपदाचा अर्थ

'वार' वेगळा केल्यावर उरणारे पूर्वपद हेच खरे घरनाव होय. ते तेलुगू शब्दकोशात शोधावे लागते. मराठी अर्थ लावल्यास फसगत होते. 'चिंतावार' या आडनावात काळजीचा संबंध नाही. तेलुगूत 'चिंत' म्हणजे चिंचेचे झाड. 'पत्तीवार' यातील 'पत्ती' म्हणजे पान नसून कापूस होय. 'मद्दी' हे ऐन व अर्जुन या जातीच्या वृक्षांचे नाव, 'मामिडी' म्हणजे आंबा, 'कोंडा' म्हणजे डोंगर, 'बोम्मा' म्हणजे बाहुली, तर 'गड्डम' म्हणजे दाढी. 'येरावार' यातील पूर्वपद 'येर्र' म्हणजे लाल या शब्दाशी जुळते.

काही पूर्वपदे ग्रामनामे आहेत. 'कोत्त' म्हणजे नवे आणि 'पल्ली' म्हणजे गाव. त्यामुळे 'कोत्तपल्लीवार' याचा मराठी प्रतिशब्द 'नवेगावकर' हाच होईल. एकाच वर्गात बसलेले नवेगावकर आणि कोत्तपल्लीवार अर्थाच्या दृष्टीने एकच नाव धारण करतात, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही.

तथापि शब्दाचा अर्थ म्हणजे नावाचे कारण नव्हे. पत्तीवारांचे पूर्वज कापसाचा व्यापार करीत होते, की कापूस पिकवीत होते, की त्या शब्दावरून नाव पडलेल्या गावचे होते, हे शब्दकोश सांगत नाही. ते केवळ त्या घराची परंपरा, जुनी कागदपत्रे व मूळ गावाची आठवण यांवरूनच ठरू शकते.

प्रसार आणि त्यामागील इतिहास

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे, यवतमाळ जिल्ह्याचा वणी-पांढरकवडा भाग, नांदेड जिल्ह्याचा किनवट, बिलोली, देगलूर हा पूर्वेकडील भाग आणि तेलंगणातील आदिलाबादचा परिसर हा वारान्त आडनावांचा मुख्य पट्टा होय. या प्रसाराची दोन कारणे संभवतात. पहिले कारण स्थलांतराचे. चामोर्शीच्या पश्चिमेकडून वाहणारी वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेस मिळते. तेथून प्राणहिता या नावाने ती सिरोंचाजवळ गोदावरीस जाते. नदीकाठच्या या मार्गाने तेलुगू प्रदेशाशी येणे-जाणे स्वाभाविक होते. व्यापार करणारे कोमटी, विणकाम करणारे पद्मशाली, शेती करणारे कापेवार व मुन्नूरवार असे विविध व्यवसायांचे समाज या भागात वसलेले आहेत.

दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे. काही ठिकाणी माणसे हलली नाहीत, सीमा हलली. सिरोंचा हे पूर्वी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८७४ मध्ये तो जिल्हा संपुष्टात आल्यावर सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यास जोडण्यात आली. राजुरा व किनवट हे भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. म्हणून वारान्त आडनावाचे प्रत्येक कुटुंब 'बाहेरून आलेले' आहे, हे गृहीत इतिहासाला धरून नाही.

या आडनावांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातही स्थान मिळविले. चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले व नोव्हेंबर १९६३ मध्ये त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. मुंबईतील विक्रोळीची कन्नमवार नगर ही वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आडनाव, जात आणि ओळख

वारान्त आडनावावरून जातीचा तर्क करण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते. ती निराधार आहे. 'वारु' हा आदरार्थी शब्द कोणत्याही घराण्यास लागतो. 'गड्डम'सारखे घरनाव तेलंगणात अनेक जातींत आढळते. वारान्त आडनाव भाषिक मूळ सुचवते. जात, व्यवसाय वा आर्थिक स्थिती सांगत नाही.

समाजनामांच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांसोबत 'मन्नेरवारलू' ही नोंद आहे. तिच्या शेवटी 'वारु'चेच अनेकवचनी रूप आहे. परंतु आडनावातील किंवा समाजनामातील हे उच्चारसाम्य त्या जमातीचा पुरावा ठरत नाही. उलट, केवळ आडनाव पाहून खऱ्या दावेदाराकडे संशयाने पाहणेही तितकेच अन्यायाचे आहे. प्रवेश अर्ज व प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या महाविद्यालयांत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो.

लेखनाचा प्रश्नही लहान नाही. 'वार'ऐवजी 'वर' किंवा 'वाड' असे लिहिले जाते. जोडाक्षरे गाळली जातात. रोमन लिपीत एकाच कुटुंबातील दोन भावांची आडनावे वेगवेगळ्या वर्णांनी लिहिलेली असतात. परीक्षेच्या अर्जात झालेली अशी एक चूक पुढे प्रत्येक कागदपत्रात विद्यार्थ्याचा पाठलाग करते.

निष्कर्ष

वारान्त आडनाव म्हणजे तेलुगू घरनावाने मराठी नामपद्धतीत मिळविलेले स्थान होय. त्याचे पूर्वपद तेलुगू, त्याचा क्रम मराठी आणि त्याचा शेवट आदराचा आहे. अनेक घरांत आज मराठी हीच घरची भाषा झाली असून तेलुगूची तेवढीच एक खूण आडनावात उरली आहे. घरनावाचा अर्थ, मूळ गाव व कुलदैवत यांची माहिती वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, तोवरच ती नोंदवून घेता येईल. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच घरांतील ही माहिती संकलित करून घेतल्यास अल्प खर्चात मोलाची स्थानिक सामग्री जमा होईल. तसेच आपले नाव चिंतेचे नसून चिंचेचे आहे, हे विद्यार्थ्यालाही कळेल.