पंख नव्हे, अंग पाहा
सह्याद्रीच्या घाटापासून कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम्‌पर्यंत ‘कॉमन रोझ’ फुलपाखरू आणि ‘कॉमन मॉर्मन’ची मादी यांच्यात हमखास गल्लत होते. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि तांबड्या खुणा दोघांनाही. रोझ सुरवंट असताना ईश्वरीच्या वेलीची पाने खाऊन विषारी होते. मॉर्मनच्या काही माद्या (सगळ्या नव्हे, काही नरासारख्याच दिसतात) नुसता तिचा वेश घेतात आणि पक्षी फसतात. तेव्हा पंखांवर भिस्त ठेवू नये. रोझचे डोके आणि पोट लाल असते, मॉर्मनचे अंग काळेच. नक्कल तिथे उघडी पडते. उडताना अंग कुठे दिसते, असे कुणी म्हणेल. रास्त आहे, पण मग मादी अंडी कुठे घालते ते पाहावे. या दोघींपैकी कढीपत्त्यावर अंडी घालणारी मॉर्मनच.