गडग्यावरचं भांडण

मुलांनो, आमच्या केळशीत काय किंवा तुमच्या गावात काय, गडग्यावरून, पायवाटेवरून भांडणं व्हायचीच. मोठी माणसं कोर्टात खेटे घालतात अन् इकडे चुलत भावंडांचं खेळणं बंद! १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहमंत्री होते आर. आर. पाटील. ग्रामसभेनं समिती नेमायची, समितीनं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, पटलं की तडजोड लिहून घ्यायची. तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून पुढे बक्षीस! मात्र बक्षिसाच्या घाईत कुणा गरिबाला गप्प बसवलं, तर ती दडपशाहीच म्हणायची. खून, दरोडा असले गुन्हे समितीकडे येत नसत. ते पोलिसांचंच काम. अन् तडजोड ज्याला पटली नाही, त्याला कोर्टाचं दार उघडंच होतं.